छातीवर बसणारी

आमच्या कोशाच्या कचेरीत मला ‘कॅमेरा’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. एकदा पाहिलेलं पान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शब्द कितव्या ओळीत होता, समासात डाग होता की नाही, कागद कुठल्या कोपऱ्यात फाटला होता, सगळं सांगते. देवानं रूप देताना हात आखडता घेतला, पण हे मात्र भरभरून दिलं. त्याची मला चांगलीच मिजास होती.

आमचं काम सांगायला लागलं की पाहुणे जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. इंग्लिश, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्या एका घरच्या लेकी. त्यांच्या आईची भाषा कुणी लिहून ठेवली नाही. बोलली गेली आणि विरून गेली. तेव्हा लेकींकडे आणि नातींकडे बघून त्या आईचा एकेक शब्द पुन्हा उभा करायचा. चार नातवंडांची नाकं सारखी निघाली की पणजीच्या नाकाचा अंदाज येतो, तसलाच प्रकार. असा उभा केलेला शब्द कुणी पाहिलेला नसतो, म्हणून त्याच्यापुढे एक तारका छापतात. तारका आहे म्हणजे हा आमचा हिशोब, शपथेवर सांगत नाही. तारका नाही म्हणजे हा शब्द कुणाच्या तरी हातानं, कुठेतरी, खरोखर लिहिला गेलेला आहे.

आणि ‘खरोखर’ म्हणजे काय, याबद्दल आमच्या सरांचा, म्हणजे मुख्य संपादकांचा, एक नियम होता. दुसऱ्याच्या कोशातून शब्द उचलायचा नाही. मूळ पान किंवा त्याचा फोटो स्वतः जाऊन बघायचा. मग सरांच्या खोलीत यायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि पान तोंडी सांगायचं. कुठलं पान, कितवी ओळ, आजूबाजूला काय. सर मध्येच उलटतपासणी घेत. खात्री पटली की स्वतःच्या हातानं शब्द उतरवून घेत, तारकेविना. याची नोंदबिंद काही ठेवत नसत. “बघितलेला माणूस हाच पुरावा,” म्हणायचे. बाहेरचे लोक याला खुळेपणा म्हणत. आम्ही कॉलर ताठ करून मिरवायचो.

त्या सकाळी माझ्यासमोर त्या आईच्या भाषेतल्या, तारका लावलेल्या ‘मरों’ या शब्दाचं प्रूफ होतं. मरों म्हणजे झोपेत माणसाच्या छातीवर येऊन बसणारी. भूत म्हणा, बाई म्हणा. दम कोंडतो, हातपाय हलत नाहीत, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. ती ही. माझ्या आईला मी हा शब्द सांगितला होता तेव्हा ती म्हणाली होती, “मरो मेली!” आणि दोघी हसलो होतो. या मरोंच्या लेकी मात्र जागोजाग नांदताहेत. नॉर्समध्ये, म्हणजे स्वीडिश-डॅनिशच्या आईकडे, मारा, जुन्या जर्मनमध्ये मरा. इंग्लिश नाइटमेअरचं शेपूट हीच. लोकांना तिथे घोडी दिसते, पण घोडीचा काही संबंध नाही. डच लोक तर इतके फसले की त्यांनी आपल्या शब्दात खरोखरीची घोडी आणून बांधली. फ्रेंचांनी दुःस्वप्नासाठीच्या आपल्या ‘कोशमार’ या शब्दाचा मागचा अर्धा भाग शेजाऱ्यांकडून उचलला. अशी सगळी मजा वाचत मी खाली आले, आणि एका ओळीवर पेन्सिल थांबली.

गॉथिक: मरो. तारका नव्हती.

 गॉथिक ही या घराची सगळ्यात जुनी लेक, जिचं काही भरघोस लिहिलेलं हाती लागलंय. पण जे लागलंय ते जवळजवळ सगळं बायबलचं भाषांतर. तिथे ही छातीवर बसणारी कशाला येईल? गॉथिकमध्ये हा शब्द सापडत नाही हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. छपाईची चूक म्हणावी तर अक्षर वेडंवाकडं पडलं असतं. हे वेडंवाकडं नव्हतं. गॉथिकमध्ये हा शब्द असता तर नियमानं असाच असता, काना-मात्रेसकट. म्हणजे हे ज्यानं लिहिलं त्याला सगळे नियम तोंडपाठ होते. इतके पाठ, की असायला हवा असा शब्द त्याच्या डोक्यात असलेला शब्द होऊन बसला होता. ही चूक अडाणी माणसाला करताच येणार नाही.

माझ्या डोळ्यांपुढे सर आले.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हल्ली कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधत. शिपायाला आधीच्या शिपायाच्या नावानं हाक मारत. आम्ही आपसात हसत असू. पण मी हसताना माझा एक डोळा त्यांच्याकडे असायचा, कारण हे प्रकरण कसं सुरू होतं ते मी घरात तीनदा पाहिलं आहे. आजीला झालं, मग मावशीला, आता आईला. लोकांना वाटतं या आजारात माणूस विसरतो. विसरतोच. पण आईचं मला भय वाटतं ते वेगळ्यासाठी. तिला न घडलेलं आठवतं. आणि अर्धवट, चाचपडत आठवत नाही. रंग, वेळ, कोण कुठे बसलं होतं, सगळ्यासकट आठवतं.

पानं दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती. एक खोटा शब्द तारकेविना गेला की शंभर कोशांत तो उतरवला जातो आणि मग त्याला बापजन्मी उपटता येत नाही. पण खरं सांगते, मला कोशाची काळजी नव्हती. ज्या माणसानं मला पंचवीस वर्षं शिकवलं त्याला जाऊन ‘सर, तुमचं डोकं चालत नाही’ असं सांगायचं होतं. प्रूफ घेऊन मी जिना चढले.

सर खिडकीशी प्रूफं वाचत बसले होते. मी कागद पुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, हे कुठून आलं?”

त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे काय? तुझंच आहे ना.”

“माझं?”

“याच खुर्चीत बसून सांगितलंस. खरवडलेल्या चामड्याचे फोटो आणले होते ना नवीन, त्यातलं. डावं पान, तिसरी ओळ. मी तुला तीनदा विचारलं, अगं, खात्री आहे का? तू म्हणालीस, सर, माझ्या डोळ्यांवर तुमचा विश्वास नाही का?” ते किंचित हसले. “आहे म्हटलं. मग लिहिलं.”

मला यातलं काही आठवत नव्हतं. सरांकडे बघताना माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. मला हायसं वाटलं. म्हणजे गेलेच हे, असं वाटलं. न घडलेलं सांगताहेत, अगदी आईसारखं, माझ्या तोंडच्या वाक्यांसकट.

“बरं, बघून घेते,” म्हणून मी उठले. दाराशी पोचेपर्यंत मला ते पान दिसलं.

असं धूसर वगैरे नाही. स्वच्छ. पूर्वी कुणीतरी चामड्यावरचा गॉथिक मजकूर खरवडून वर दुसरंच लिहिलेलं, आणि त्या जाड अक्षरांच्या मधून खालची फिकी अक्षरं वर येणारी. खालच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक. आणि तिसऱ्या ओळीत, दोन काळ्या अक्षरांच्या फटीत, चार फिकी अक्षरं. म-अ-र-ओ आधी नीट लागली नव्हती, मग भिंग तिरकं धरल्यावर लागली होती. तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. तोही आठवला.

माझा जीव भांड्यात पडला. शब्द खरा होता. सर ठीक होते. मी फक्त विसरले होते, आणि विसरतं कोण नाही? मी जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत खाली आले. फोटो एकदा बघायचा, पानाचा आकडा घ्यायचा, की झालं.

ग्रंथालयातल्या फोटोंच्या खोलीत एक बाई असतात. अबोल, सदा हातात विणकाम, आणि कुणी भिंग टेबलावर आपटलं तर सुईसकट अंगावर येतात. त्यांनी डबा काढून दिला. मी हातमोजे चढवले आणि एकेक फोटो उलटत गेले. पान सापडलं. मी ते ओळखलं, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं. डावं पान. कोपऱ्यातलं भोक. भोकाला लागून तपकिरी डाग, तोही जिथल्या तिथे.

मी तिसऱ्या ओळीवर भिंग धरलं.

तिथे ‘आणि’ असं लिहिलेलं होतं. गॉथिकमधला अगदी रोजचा, साधा, कुठल्याही वाक्यात येणारा ‘आणि’. त्याच्या शेजारी काही नाही. मी भिंग तिरकं धरलं. दिवा जवळ घेतला. दुसरी ओळ पाहिली, चौथी पाहिली, मग उजवं पान, मग डब्यातले सगळे फोटो. शेवटी बाईंनी विणकाम खाली ठेवलं.

“काय हरवलं?” त्यांनी विचारलं.

“एक शब्द होता इथे.”

“फोटोतून शब्द जात नसतात,” त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. “पाणी देऊ का?”

मी पाणी प्यायले. “हा डबा मी आधी मागवला होता का हो?”

“तुम्ही सगळेच डबे मागवता. हाही मागवला असेल. भोक बघून म्हणालात, उंदीर तरी वाचायला आला. मला हसू आलं होतं.”

म्हणजे पान मी पाहिलं होतं. भोकाची गोष्ट सरांनी मला सांगितलेली नव्हती, ती माझी होती. शब्द मात्र कुणाचा होता? मी सरांना खरंच सांगितला होता आणि माझ्याच डोक्यानं तो तिथे लिहिला होता? की मी काहीच सांगितलं नव्हतं, सरांना भास झाला, आणि त्यांनी सांगताक्षणी माझ्या डोक्यानं आपल्या ओळखीच्या पानावर तो शब्द नेऊन बसवला? आमच्या खोलीत तिसरं कुणी नसायचं. दोघांपैकी एकाचं डोकं फिरत होतं, आणि मी मनापासून प्रार्थना करत होते की ते सरांचं असावं. त्यांनी मला लेकीसारखं वागवलं होतं. तरीही.

संध्याकाळी घरी आले तर आई आरामखुर्चीत बसून माझ्या लेकीकडून केस विंचरून घेत होती. चेहरा खुललेला.

“तुझी मावशी येऊन गेली,” ती म्हणाली. “थोडी लवकर आली असतीस तर भेटली असती.”

मावशीला जाऊन सहा वर्षं झाली. लेकीनं माझ्याकडे पाहून मान हलवली; आम्ही दोघी अशा वेळी हो ला हो करतो. पण त्या दिवशी मी स्टूल ओढून आईपुढे बसले.

“काय नेसली होती?”

“मोरपंखी. काठाला जरा उसवली होती, मी म्हटलं दे, टाके घालते. तर म्हणे राहू दे. चहा अर्धा टाकला नेहमीसारखा. कपाच्या कडेला लिपस्टिक लागली तिची. या वयात लिपस्टिक, बाई.”

मी आईचा हात धरला. “आई, मला एक सांग. हे तुला आत कसं दिसतं? म्हणजे खरी आठवण असते, तसंच? की काही वेगळं लागतं? पुसट, किंवा हलणारं?”

आईनं माझ्याकडे बघितलं. बुद्धिमान होती ती. अजूनही मधूनच त्या जुन्या नजरेनं बघते.

“वेगळं कसं लागेल?” ती म्हणाली. “आठवतं तसंच आठवतं. तुझं वेगळं असतं का?”

 भोकाशेजारचा डाग आणि दोन काळ्या अक्षरांमधली ती चार फिकी अक्षरं मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एक खरं होतं, एक खोटं. दोन्ही सारखीच स्वच्छ होती.

“आई, अशी काय बघतेस आजीकडे?” लेकीनं विचारलं. तिच्या हातात फणी तशीच राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली, म्हणजे तिच्यासाठी. आजी, मावशी, आई. पुढे मी. आणि माझ्या पुढे ही. दिवसभर मी मरोंच्या लेकी-नाती मोजत बसले होते, पण हा वंश मी कधी बसून मोजला नव्हता.

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते माझी वाटच बघत होते. दाढी केलेली नव्हती. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

“नाहीये, सर,” मी म्हटलं. “तिथे ‘आणि’ आहे.”

सरांनी समोरचं प्रूफ बाजूला सारलं. मग म्हणाले, “काल तू त्या तोंडानं बाहेर गेलीस तेव्हाच मला कळलं की तुला आठवत नाहीये. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वाटलं, झालं, आता आपली पाळी. तू काही बोललीच नव्हतीस, मीच रचलं.” ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. “राग मानू नकोस, पण मी देवाला म्हटलं, तिचं असू दे.”

“मीही तुमचं असू दे म्हटलं,” मी म्हणाले. आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं भलतंच वाईट होतं.

मग सरांनीच सुचवलं. एकमेकांची परीक्षा घ्यायची. याच शब्दाच्या नोंदीतली रूपं एकानं वाचायची, दुसऱ्यानं पान सांगायचं. मध्येच एक बनावट रूप घुसवायचं, नियमाला धरून बनवलेलं. ज्याला ते दिसलं, तो गेला. सर म्हणाले, “आधी माझी घे. मी थोरला.”

मी प्रूफ हातात घेतलं आणि वाचायला लागले. सर डोळे मिटून सांगत गेले. कुठे चुकले, कुठे “ओळ आठवत नाही, पान आठवतं” म्हणाले. एका जागी मी एक डच रूप घुसवलं, तिथल्या तिथे, नियम घासूनपुसून बनवलेलं. सरांच्या कपाळाला आठी पडली.

“हे कुठून आणलंस? हे मी पाहिलेलं नाही.” त्यांनी डोळे उघडले. “हेच ना?”

“हेच,” मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटला.

त्यांनी माझ्या हातातून प्रूफ घेतलं.  मला माहीत होतं की एक खोटं येणार आहे. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. ठरवलं होतं, घाई करायची नाही, प्रत्येक शब्दाला आधी संशय घ्यायचा.

“जुनं इंग्लिश,” सर म्हणाले.

पान दिसलं. औषधांच्या यादीतलं, उजवीकडे, वर शाईचा ओघळ. सांगितलं.

“नॉर्स.”

तेही दिसलं. राजाची गोष्ट, डावं पान, अक्षर बारीक आणि एका रेषेत.

“जुनं जर्मन.” दिसलं. “व्हँडल, मरा.” थांबले, नीट बघितलं. उजवं पान, खालून दुसरी ओळ, आणि समासात कुणीतरी कंटाळून काढलेला पक्षी, चोचीला लाल रंग. सांगितलं. “डच, जुनं.” सांगितलं. “स्वीडिश.” सांगितलं. “डॅनिश.” सांगितलं.

सरांनी प्रूफ खाली ठेवलं.

मला इतकं मोकळं वाटलं की रडू आलं. “खोटा घातलाच नाहीत ना तुम्ही?” मी म्हणाले. “दया आली का माझी? सर, असं नका करू. पुन्हा घ्या, खोटा घालून घ्या.”

 सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. त्यांचे डोळे भरलेले होते. मी त्यांच्याकडे बघत मनात यादी परत म्हटली. इंग्लिश, नॉर्स, जर्मन, व्हँडल.

व्हँडल लोकांच्या भाषेतली काही नावं आणि दोन-चार शब्द, तेही दुसऱ्यांनी टिपलेले, एवढंच काय ते मागे राहिलंय. त्यांनी स्वतः लिहिलेलं एकही पान जगात उरलेलं नाही. नव्यानं कामाला आलेल्या मुलांना हे मीच पहिल्या दिवशी शिकवते.

“सर,” मी म्हटलं. आवाज फुटला नाही. मी पुन्हा म्हटलं, “सर, पक्ष्याची चोच लाल आहे. मला अजून दिसतेय.”